कन्सोलवर ‘इनॅक्टिव्ह’, टेबलावर चालू: क्लायंट पुन्हा पुन्हा का गळतो

यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या तालुका कार्यालयांचे कॉम्प्युटर जिल्ह्याच्या ठिकाणी बसून सांभाळणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या (दूरची मशिनं एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर) कन्सोलवर पाच-सात मशिनं ‘इनॅक्टिव्ह’ दिसतात. आपण झरी जामणीला किंवा उमरखेडला फोन लावतो, तर पलीकडून उत्तर येतं, “भाऊ, कॉम्प्युटर तं सकाळपासून चालू हाय. मंग तुमच्याकडे बंद काऊन दाखोते?” आपण रिमोटवरून क्लायंट (त्या मशीनवर बसवलेला कॉन्फिगरेशन मॅनेजरचा प्रोग्राम) काढतो, परत टाकतो, दुसऱ्या दिवशी मशीन हिरवं होतं. पंधरा-वीस दिवस जातात आणि त्याच कार्यालयातलं तेच मशीन पुन्हा यादीत येऊन बसतं.

क्लायंट परत टाकला की मशीन हिरवं होतं हे खरंच आहे, म्हणून तर ही सवय मोडत नाही. पण आपल्या भागात क्लायंट स्वतःहून बिघडल्याची उदाहरणं थोडी. दुखणं बहुतेक वेळा त्याच्या बाहेर असतं. वीज जाते, घड्याळ मागं पडतं, कोणी एका हार्ड डिस्कची नक्कल करून दुसऱ्या मशीनला लावतं, नवा राउटर येतो. क्लायंट नव्याने टाकल्यावर त्याच्या फायली, ओळख, नोंदणी सगळं ताजं होतं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. शिवाय आपल्या इंटरनेटच्या लाइनवरून तेवढी फाइल पुन्हा ओढायची म्हणजे त्या कार्यालयाचं अर्ध्या दिवसाचं काम अडतं. म्हणून परत टाकणं अगदी शेवटी ठेवा. त्याआधी काय पाहायचं ते पुढे, मी ज्या क्रमाने पाहतो त्या क्रमाने.

कन्सोल नेमकं काय सांगतोय

डिव्हाइसच्या यादीत चार वेगवेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी दिसतात आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. ‘क्लायंट’च्या रकान्यात नुसतं हो किंवा नाही असतं, या मशीनवर क्लायंट असल्याची नोंद साइटकडे, म्हणजे कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या सर्व्हरकडे, आहे का, एवढाच त्याचा अर्थ. नावाजवळची हिरवी खूण आत्ताच्या क्षणाची आहे. क्लायंट आपल्या मॅनेजमेंट पॉइंटला (साइटच्या वतीने क्लायंटशी बोलणाऱ्या सर्व्हरला) ‘मी आहे’ असा छोटा निरोप देत राहतो, पाच मिनिटं तो आला नाही की मशीन ऑफलाइन धरलं जातं. ‘क्लायंट ॲक्टिव्हिटी’ म्हणजे मागच्या काही दिवसांची हजेरी. आणि ‘क्लायंट चेक’ हा मशीनने स्वतःच स्वतःचा केलेला तपास.

यातला ॲक्टिव्हिटीचा हिशोब नीट समजून घ्या, कारण फोनवरचा सगळा घोळ त्यातून होतो. पॉलिसीची (साइटच्या सूचनांची) मागणी, हार्टबीट (ठराविक दिवसांनी जाणारा हजेरीचा निरोप), हार्डवेअर इन्व्हेंटरी, सॉफ्टवेअर इन्व्हेंटरी (मशीनच्या भागांची आणि प्रोग्रामांची यादी) आणि स्टेटस मेसेज या पाचांना मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकी ७ दिवसांची मुदत आहे. पाचांतलं एकही मुदतीत पोचलं नाही तर मशीन इनॅक्टिव्ह ठरतं. क्लायंट पॉलिसी मागायला दर ६० मिनिटांनी जातो. म्हणजे रोज चालू होणारं मशीन इनॅक्टिव्ह दिसत असेल तर आठवडाभर, कामाच्या प्रत्येक तासाला, त्याला साइटपर्यंत पोचता आलेलं नाही. ही किरकोळ बाब नव्हे. ऑफलाइन दिसणारं मशीन मात्र बहुधा नुसतं बंद असतं, किंवा त्या गावची लाइन गेलेली असते. धावपळ करायची तर इनॅक्टिव्ह मशीनसाठी करा.

आपल्याकडे ७ दिवसांची मुदत तोकडी पडते असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुट्ट्यांना लागून कर्मचाऱ्याने रजा घेतली की आठ-दहा दिवस त्याच्या टेबलावरचं मशीन उघडतच नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, आणि तिथलं मशीन धडधाकट असूनही इकडे यादीत येतं. साइटच्या क्लायंट स्टेटस सेटिंगमध्ये ही मुदत १४ दिवस करून घ्या. त्याच वेळी हार्टबीट पाहा. तोही मूळ सेटिंगप्रमाणे ७ दिवसांनीच जातो, तो रोजचा करा. हा निरोप अगदी लहान असतो, लाइनवर त्याचा भार जाणवत नाही. या दोन बदलांनी यादी निम्म्याच्या आसपास उतरली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि जी मशिनं उरतील ती खरोखर लक्ष देण्यासारखी असतील.

क्लायंट चेकचा निकाल वाचतानाही सावध राहावं लागतं. मशीनवर टास्क शेड्युलरमध्ये ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर हेल्थ इव्हॅल्युएशन’ नावाचं काम असतं आणि त्याची वेळ रोज मध्यरात्रीनंतरची असते. आपल्या कार्यालयांत संध्याकाळी सहाला भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद होतं. त्यामुळे निकालावर भरवसा ठेवण्याआधी ते काम शेवटचं कधी चाललं ती तारीख पाहा. महिन्यापूर्वीचं ‘पास’ आजच्या दुखण्याबद्दल काही सांगत नाही. विंडोजच्या फोल्डरात सीसीएम फोल्डर आहे, त्यातला सीसीएमइव्हॅल हा प्रोग्राम ॲडमिनच्या हक्काने हाताने चालवता येतो. त्याच नावाच्या लॉगमध्ये कुठली तपासणी नापास झाली ते ओळीनिशी येतं.

गाडी काढण्याआधी फोनवर

यवतमाळहून उमरखेड शंभरेक किलोमीटर पडतं, त्यामुळे फोनवर जेवढं कळेल तेवढं आधी काढून घेतलेलं बरं.

पहिलं, सर्व्हिस. सर्व्हिसेसच्या यादीत ‘एसएमएस एजंट होस्ट’ चालू आहे का ते विचारा. ही सर्व्हिस ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर असते, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर बाकीच्या सर्व्हिसेसनंतर जागी होते. मशीन लावल्या लावल्या ती थांबलेली दिसली तर पाच मिनिटं जाऊ द्या. पण ती ‘डिसेबल्ड’ असेल तर बहुधा कोणीतरी हाताने केली आहे. मशीन हळू चालतं म्हणून कार्यालयाने गावातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलेलं असतं. तो यादीत एसएमएस हे नाव पाहतो, मोबाइलच्या मेसेजशी संबंधित काहीतरी फालतू असेल असं समजून बंद करून टाकतो. हे नाव १९९४ साली आलेल्या सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या जुन्या उत्पादनावरून राहिलेलं आहे, त्याचा मोबाइलशी काही संबंध नाही. त्या दुरुस्तीवाल्याला एक फोन करून हे समजावून सांगितलं तर त्या तालुक्यातला हा प्रकार कायमचा थांबतो. सर्व्हिस पुन्हा चालू करून गप्प बसलात तर पुढच्या वेळी तो तीच बंद करेल.

दुसरं, कंट्रोल पॅनेलमधलं ‘कॉन्फिगरेशन मॅनेजर’. ‘जनरल’ टॅबवर क्लायंट सर्टिफिकेटसमोर काय लिहिलंय? ‘सेल्फ-साइन्ड’ किंवा ‘पीकेआय’ असेल तर ठीक, ‘नन’ असेल तर या मशीनची साइटकडे धड नोंदणीच झालेली नाही. मग ‘ॲक्शन्स’ टॅब उघडायला सांगा आणि तिथल्या ओळी मोजायला लावा. चांगल्या मशीनवर ती यादी बरीच लांब असते. फक्त मशीन पॉलिसी आणि युजर पॉलिसी एवढ्या दोनच ओळी दिसल्या, तर क्लायंटपर्यंत साइटची पॉलिसी अजून पोचलेली नाही. समोरच्या माणसाला काहीही तांत्रिक समजावं न लागता मिळणारी ही सगळ्यात उपयोगी खूण आहे.

तिसरं, तारीख. आणि इथं जरा थांबू, कारण आमच्याकडच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या मशीनांची मोठी संख्या इथंच सापडली.

घड्याळ आणि आतला सेल

फोन केला तेव्हा कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर दाखवत असेल तरी समाधान मानू नका. सकाळी मशीन लावल्यावर काय होतं ते विचारा. घाटंजीकडच्या एका कार्यालयातल्या ऑपरेटर ताईंनी सांगितलं ते असं: “सकाळी चालू केलं का काळ्या पडद्यावर थांबते न भाऊ. एफ वन दाबलं का मंग पुढं जाते. आता सवयच झाली.” हे ऐकलं की मशीनच्या आतला नाण्यासारखा सेल संपला आहे असं समजायला हरकत नाही. सीआर२०३२ नावाचा, ३ व्होल्टचा. वीज नसताना मशीनचं घड्याळ याच सेलवर चालतं.

मशीन भिंतीतल्या बोर्डाला जोडलेलं आणि बटण चालू असेल तर आपण मशीन बंद केलं तरी आतला पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार येत नाही. आपल्याकडे बोर्डच बंद होतो. रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत, रविवारी पूर्ण दिवस, आणि भर दुपारी लाइन गेली की तेवढा वेळही तो सेल एकटा घड्याळ ओढतो. त्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या, पत्र्याच्या छपराखालच्या खोल्या. दुसरीकडे काही वर्षं सहज निघणारा सेल इथं फार आधी हात टेकतो.

सेल मेला की मशीन सकाळी जुन्या तारखेने उठतं. पुढचा गुंता असा. डोमेनमधल्या (कार्यालयांच्या एकत्र जाळ्यात नोंदलेल्या) मशीनला वेळ डोमेन कंट्रोलर या सर्व्हरकडून मिळते. केर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत, मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. व्हीपीएनचं टनेल (जिल्ह्याच्या जाळ्यापर्यंतचा सुरक्षित रस्ता) मशीनवरच्या सर्टिफिकेटवर उभं राहत असेल तर ते सर्टिफिकेट जुन्या तारखेला ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं ठरतं, टनेल उभं राहत नाही. कंट्रोलर टनेलच्या पलीकडे, म्हणून लॉगिन जुन्या साठवलेल्या पासवर्डावर होतं आणि वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. म्हणजे तारीख दुरुस्त करणारा पलीकडे आणि त्याच्यापर्यंत जायचा रस्ता तारखेवर अडलेला. डोमेनमध्ये नसलेल्या मशीनची गोष्ट आणखी वेगळी: विंडोजची वेळसेवा अशा मशीनवर मूळ सेटिंगप्रमाणे १५ तासांपेक्षा मोठा फरक स्वतःहून दुरुस्तच करत नाही. ते मशीन कितीही वेळ इंटरनेटवर राहिलं तरी २०१५ सालातच राहतं, कोणी हाताने तारीख बदलेपर्यंत.

क्लायंट या सगळ्यात सुटतो कसा ते लॉगमध्ये डोळ्यांनी दिसतं. सीसीएमच्या लॉग्ज फोल्डरात क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअप आणि सीसीएममेसेजिंग हे दोन लॉग उघडा. उघडायला सीएमट्रेस हा लॉग वाचायचा प्रोग्राम वापरा. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या १८०६ आवृत्तीपासून तो क्लायंटसोबतच सीसीएम फोल्डरात येतो. कालच्या तारखेच्या ओळी सरळ चाललेल्या असतात, मध्येच पाच-सात वर्षं मागच्या तारखेच्या काही ओळी, त्यात सर्टिफिकेटच्या लाल चुका, आणि मग पुन्हा आजची तारीख. अशी उडी एकदा दिसली की पुढे काही शोधायचं राहत नाही. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्येही वेळ बदलल्याची नोंद रोज सकाळच्या त्याच सुमाराला सापडते.

सेल बदलायला माणूस पाठवताना काही गोष्टी त्याला बजावून सांगा. मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की आधी हाताशी घ्या किंवा बिटलॉकर तेवढ्यापुरतं थांबवून ठेवा. सेल काढल्यावर बायोसची (विंडोजच्या आधी उठणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग मूळ पदावर जाते आणि विंडोज उठताना की मागण्याची शक्यता असते. बूट मोड आणि साटा मोड काय आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. साटा मोड बदलला तर चांगलं चालणारं विंडोज निळ्या पडद्यावर अडकतं. मग केबल काढा, सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि मगच कॅबिनेट उघडा. पांढरकवडा, वणी, घाटंजी अशा जिनिंगच्या गावांत कापसाच्या हंगामानंतर उघडलेलं मशीन पाहिलं तर पंख्यावर आणि हीटसिंकवर रुईचा जाड थर नमद्यासारखा बसलेला असतो. आलात तसा तोही ब्रशने काढून टाका, मशीन मध्येच गरम होऊन बंद पडण्याचं कारण अनेकदा तेच असतं. सेल बहुतेकदा बोर्डाच्या खालच्या भागात, लांब कार्डाच्या आड लपलेला असतो. मल्टिमीटर लावून पाहा: नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, अडीचच्या खाली उतरला असेल तर बाजूला टाका. नवा बसवल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ भरा, फोटोप्रमाणे मोड तपासा, विंडोज उठल्यावर टाइम झोन भारताचाच आहे ना ते पाहा, वेळसेवेला नव्याने मिळवणी करायला लावा आणि मग एसएमएस एजंट होस्ट एकदा थांबवून चालू करा.

कार्यालयांना ‘रात्री बोर्ड चालू ठेवा’ असं सांगू नका, ही माझी विनंती आहे. मृगाच्या आधीच्या वादळात वीज पडून मशिनं जळालेली त्यांनी पाहिली आहेत आणि रात्री व्होल्टेजचा नेम नसतो. त्यांची सवय शहाणपणाची आहे. त्याऐवजी तीन-चार वर्षं जुन्या प्रत्येक मशीनचा सेल मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, बदलून टाकायचा असा नियम करा. एका फेरीत सगळं कार्यालय होतं.

अपडेट चालू असताना लाइन गेली तर

दुसरा नेहमीचा प्रकार. विंडोजची मोठी आवृत्ती टास्क सिक्वेन्सने (ठरलेल्या पायऱ्यांच्या मालिकेने) चढवत असताना मध्येच वीज जाते, यूपीएस पाच मिनिटांत मान टाकतो. मशीन परत उठतं, काम चालतं, पण क्लायंट ‘प्रोव्हिजनिंग मोड’मध्ये अडकून राहिलेला असतो. या अवस्थेत सर्व्हिस चालू दिसते, साइट कोड बरोबर दिसतो, फक्त नवी पॉलिसी अमलात येत नाही. ॲक्शन्समधलं बटण दाबलं की ‘सुरू झालं’ असा निरोप येतो आणि पुढे काहीच घडत नाही. रजिस्ट्रीत सीसीएमच्या खाली सीसीएमएक्सेक या कीमध्ये प्रोव्हिजनिंगमोड ही किंमत ‘ट्रू’ असेल तर निदान झालं.

ती किंमत हाताने ‘फॉल्स’ करून मोकळं होऊ नका. या मोडमध्ये जाताना क्लायंट काही अंतर्गत कामं वगळण्याची नोंदही करतो आणि ती तशीच राहते. पॉवरशेलमधून डब्ल्यूएमआयच्या (मशीनबद्दलची माहिती ठेवणारा विंडोजचा भाग) रूट-सीसीएम नेमस्पेसमधल्या एसएमएस-क्लायंट या क्लासची सेटक्लायंटप्रोव्हिजनिंगमोड ही मेथड फॉल्स देऊन चालवा, दोन्ही गोष्टी एकदम सुटतात. कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या १९०२ आवृत्तीपासून क्लायंट ४८ तासांनंतर आपोआप यातून बाहेर पडतो, तेव्हा महिनोन्‌महिने अडकलेलं मशीन दिसलं तर त्यावरचा क्लायंट फार जुना आहे का ते आधी पाहा.

वीज अचानक गेल्याने डब्ल्यूएमआयची रेपॉझिटरीही (त्या माहितीचा साठा) बिघडू शकते. सीसीएमइव्हॅलच्या लॉगमध्ये डब्ल्यूएमआयच्या तपासण्या नापास दिसल्या तर विनएमजीएमटीच्या व्हेरिफायरेपॉझिटरीने खात्री करा, ‘इनकन्सिस्टंट’ आलं तर सॅल्व्हेजरेपॉझिटरी चालवा. रेपॉझिटरीचं फोल्डरच उडवून टाकायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल. तो ऐकू नका. त्या मशीनवरच्या इतर प्रोग्रामांच्या नोंदीही त्यासोबत जातात आणि एका दुखण्याची चार होतात.

एका मशीनची दोन नावं

यादीतलं एकच मशीन आज एका नावाने, उद्या दुसऱ्या नावाने दिसतंय? किंवा एका कार्यालयात सहा मशिनं असून कन्सोलवर पाचच, आणि गायब होणारं मशीन दर वेळी वेगळं? मग कार्यालयाला विचारा की अलीकडे हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकल्या का. एका मशीनवर सगळं नीट बसवायचं आणि त्याचीच नक्कल बाकीच्या एसएसडींवर उतरवायची, ही दुकानदाराची वेळ वाचवणारी पद्धत आहे. त्या नकलेत क्लायंटची ओळखही जाते: विंडोज फोल्डरातली एसएमएससीएफजी नावाची फाइल आणि लोकल कॉम्प्युटरच्या सर्टिफिकेट स्टोअरमधल्या एसएमएस या कप्प्यातली सर्टिफिकेटं. हार्डवेअर बदललेलं ओळखून क्लायंट बऱ्याचदा स्वतःच नवी ओळख घेतो. पण एकाच खेपेत आलेल्या सारख्या मशीनांवर ते दर वेळी होईलच असं धरून चालू नका.

उपाय लहान आहे. सर्व्हिस थांबवा, ती फाइल पुसा, एसएमएस कप्प्यातली सर्टिफिकेटं काढा, सर्व्हिस चालू करा. थोड्या वेळात क्लायंटआयडीमॅनेजरस्टार्टअपमध्ये नवी नोंदणी झाल्याची ओळ येते. नक्कल केलेल्या प्रत्येक मशीनवर हे करायचं, फक्त भांडणाऱ्या दोघांवर नाही. आणि अशा मशीनांचं डोमेनशी नातंही तुटलेलं असू शकतं, तेही त्याच खेपेत तपासून घ्या. पुढच्या वेळी दुकानदाराला नक्कल करायचीच असेल तर या दोन गोष्टी मूळ मशीनवरून आधी काढून मग कर, असं लेखी द्या.

क्लायंट हिरवा, सॉफ्टवेअर शून्य टक्के

ही तक्रार वरच्या तक्रारींसारखी ऐकू येते पण वेगळी आहे. मशीन ॲक्टिव्ह, चेक पास, तरी सॉफ्टवेअर सेंटरमध्ये डाउनलोड शून्यावर अडकलेलं. लोकेशनसर्व्हिसेस लॉगमध्ये डिस्ट्रिब्युशन पॉइंटची (सॉफ्टवेअरच्या फायली देणाऱ्या सर्व्हरची) यादी रिकामी येत असेल तर त्या कार्यालयाचा आयपी पट्टा कुठल्याच बाउंडरी ग्रुपमध्ये (कुठल्या पट्ट्याने कुठल्या सर्व्हरकडे जायचं ते ठरवणाऱ्या गटात) बसत नाही. लाइन देणाऱ्याने जुना राउटर काढून नवा लावला आणि आतला पट्टा बदलला, की हे घडतं. कार्यालयाच्या दृष्टीने इंटरनेट चालू असतं, म्हणून कोणी कळवत नाही. नवा पट्टा बाउंडरीत घाला, किंवा राउटर जुन्या पट्ट्यावर आणा. माझी पसंती दुसऱ्याला, कारण प्रिंटरचे पक्के आयपीही त्याच जुन्या पट्ट्यात असतात.

मशीन मॅनेजमेंट पॉइंटपर्यंत पोचतंय का याची खात्री करायची असेल तर त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये मॅनेजमेंट पॉइंटचा एमपीलिस्टचा पत्ता उघडा. एक्सएमएलमधली यादी दिसली तर रस्ता मोकळा. हे जमतं पण हिरवी खूण येत नाही, असं असेल तर फायरवॉलमध्ये १०१२३ हा पोर्ट पाहा. तो बंद असला तरी क्लायंट ८० किंवा ४४३ वर उतरून काम भागवतो, तेव्हा एवढ्यासाठी कार्यालयाला हैराण करू नका.

तरीही परत टाकावाच लागला तर

फाइल लाइनवरून ओढू नका. क्लायंटचं पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर किंवा त्या कार्यालयातल्या एका मशीनवर ठेवा आणि सीसीएमसेटअपला ‘सोर्स’ म्हणून तेच दाखवा. आधी त्याच प्रोग्रामला ‘अनइन्स्टॉल’ देऊन जुना काढा, मशीन एकदा रिस्टार्ट करा, मग नवा टाका. विंडोज फोल्डरातल्या सीसीएमसेटअपच्या लॉगमध्ये शेवटी रिटर्न कोड ० आला की बसवणं झालं. ७ आला तर पुन्हा एक रिस्टार्ट बाकी आहे. विजेचा भरवसा नसेल तर हे काम सकाळी पहिल्या तासात उरका आणि मशीनला यूपीएस आहे ना ते पाहा.

त्यानंतर नोंदणीची ओळ आली का, ॲक्शन्सची यादी लांब झाली का, हे तिथंच बसून पाहा. दोन्ही झालं की मशीन पॉलिसीचं आणि हार्डवेअर इन्व्हेंटरीचं बटण एकदा दाबा. पण तक्रारीचं तिकीट त्या दिवशी बंद करू नका. संध्याकाळी कार्यालयाला नेहमीसारखा बोर्ड बंद करू द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन उठल्यावर अर्ध्या तासाने लॉगमधली पहिली तारीख पाहा आणि पॉलिसीची मागणी गेली का ते तपासा. आठवड्याने त्याच मशीनकडे पुन्हा एकदा नजर टाका. तेव्हाही ते ॲक्टिव्ह असेल तर तिकीट बंद करा, आणि तिकिटात ‘क्लायंट रिइन्स्टॉल’ एवढंच न लिहिता सेल, नक्कल, राउटर, सर्व्हिस यातलं जे कारण सापडलं ते लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्या कार्यालयाचा फोन आला की तिथूनच सुरुवात करेल.